ग्राहक म्हणतो आणि घरही म्हणते, ‘भावाला भागीदार करा’. काय करावे?

मायक्रोमीटर

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात मी एक छोटे मशीन शॉप चालवते. स्विचगिअर बनवणाऱ्या कारखान्यांना लागणारे तांब्या-पितळेचे सुटे भाग आम्ही ड्रॉइंगप्रमाणे करून देतो. दोन सीएनसी टर्निंग मशीन आहेत, बारा कामगार आहेत आणि मालकी माझ्या एकटीची आहे. माझे वय 29 असून मेकॅनिकलची पदविका झाल्यावर काही वर्षे टूलरूममध्ये नोकरी करून मी या धंद्यात उतरले. आता काम वाढले आहे आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग यंत्र) घेतल्याशिवाय पुढच्या ऑर्डरी पेलणार नाहीत. यंत्र, टूलिंग आणि वाढीव वीजजोडणी धरून खर्च 35 लाखांच्या आसपास जातो.

अडचण यंत्राची नाही, माणसांची आहे. माझ्या सर्वांत मोठ्या ग्राहकाच्या गेटवर वहीत नाव लिहिताना पहारेकरी मला न विचारताच ‘पद’ या रकान्यात ‘ऑफिस स्टाफ’ असे लिहितो. मध्यंतरी त्यांचे दोन अधिकारी व्हेंडर ऑडिटसाठी आमच्याकडे आले होते. एका बोअरवर (आतल्या छिद्रावर) 0.02 मिलिमीटरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आहे, तो तुम्ही कसा राखता, हे त्यांनी माझ्या डोक्यावरून माझ्या सुपरवायझरला विचारले. सुपरवायझर म्हणाले, ‘प्रोग्रॅम मॅडम स्वतः करतात, त्यांनाच विचारा.’ त्यावर एक साहेब हसून म्हणाले, ‘अरे वा, म्हणजे सगळे मॅडमच करतात तर!’ आणि पुढचा प्रश्न पुन्हा सुपरवायझरलाच केला. मी बोअर गेज हातात घेऊन पाच नग मोजून दाखवले, वाचने वहीत लिहिली आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. ऑडिट पास झाले. मात्र निघताना सल्ला मिळाला की घरातला कोणी पुरुष भागीदार घ्या, म्हणजे मोठी ऑर्डर द्यायला आम्हालाही धीर होईल.

याच ग्राहकाच्या खरेदी विभागातील एक अधिकारी रात्री अकराच्या पुढे संदेश पाठवत असत. सुरुवात दराच्या चर्चेने व्हायची, मग माझ्या छायाचित्राची स्तुती, मग ‘दर असे ऑफिसात ठरत नाहीत, एकदा निवांत जेवायला भेटू’. मी कामाच्या वेळेतच उत्तर देईन असे सभ्य शब्दांत कळवल्यावर संदेश थांबले, परंतु त्यानंतर आमच्या एका लॉटवर रिजेक्शनचा शेरा आला, बिलातून रक्कम वजा करणारी डेबिट नोट आली आणि बिलाचे पैसे आजतागायत अडकलेले आहेत.

आता घराविषयी. वडिलांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ठरत आलेले स्थळ नाकारून मी गाळा घेतला तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आई दुपारी, वडील वावरात गेल्यावर, फोन करते. आजवर घरातल्या कोणीही माझा गाळा पाहिलेला नाही. गेल्या महिन्यात अचानक काकांचा फोन आला. वडील जमीन तारण ठेवून कर्जाला मदत करायला तयार आहेत, मात्र धाकट्या भावाला निम्म्याने भागीदार करावे असे त्यांचे म्हणणे आहे. बोलता बोलता काकांनी असेही सुचवले की त्याच वेळी ‘वावराच्या कागदावर सही करून टाक, म्हणजे पुढे कटकट नको’. भाऊ वाईट नाही, पण त्याला लेथ आणि ड्रिल यांतला फरक ठाऊक नाही आणि जाणून घेण्याची इच्छाही मला कधी दिसली नाही.

एका होकारात ग्राहक खूश होतो, कर्ज मिळते आणि वडील बोलू लागतात. मन कचरते आहे ते नेमके याच सोयीमुळे. अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे.

सातपूरकर

ताई, मी सातपूरला पावडर कोटिंगचे युनिट चालवते आणि माझे केस याच वसाहतीत पांढरे झाले आहेत, तेव्हा थोडे स्पष्ट लिहिते.

‘दाखवण्यापुरता पुरुष’ ही कल्पना ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण ती दाखवण्यापुरती राहत नाही. आमच्याच लेनमधल्या एका भगिनीने ग्राहकांच्या आग्रहाखातर आपल्या दिरांना ‘मार्केटिंग पाहतील’ म्हणून पुढे केले. ग्राहकांना दिरांशी बोलण्याची सवय झाली, दरांची माहिती दिरांकडे गेली, आणि कालांतराने दिरांनी सिन्नरच्या बाजूला स्वतःचे शेड टाकले तेव्हा दोन मोठे ग्राहक त्यांच्यामागे गेले. यात दिरांनी काही लबाडी केली असे मी म्हणणार नाही, कारण त्या ग्राहकांच्या लेखी मालक पहिल्या दिवसापासून तेच होते.

ऑडिटचा प्रसंग तुम्ही उत्तम हाताळलात, पण पुढच्या वेळी तयारी आधीपासून करावी. सुपरवायझरांना सांगून ठेवावे की तांत्रिक प्रश्न आला की त्यांनी उत्तरही द्यायचे नाही आणि ‘मॅडमना विचारा’ असेही म्हणायचे नाही, फक्त गप्प राहून तुमच्याकडे पाहायचे. समोरच्याची मान आपोआप वळते. कार्डावर ‘प्रोप्रायटर’ हा शब्द नावाखाली ठळक छापावा. ऑडिटच्या आदल्या दिवशी कार्यक्रमाची वेळवार मेल तुमच्या नावाने जावी आणि सुरुवातीचे सादरीकरण तुम्हीच करावे. गेटवरच्या वहीत पद स्वतःच्या हाताने लिहावे, पहारेकऱ्याच्या हातात पेन जाऊच देऊ नये. या गोष्टी क्षुल्लक वाटतील, पण खरेदी खात्यातली बरीचशी माणसे वाईट नसतात, सवयीने बांधलेली असतात, आणि सवय अशा क्षुल्लक गोष्टींनीच मोडते.

त्या रात्रीच्या संदेशवाल्याचे प्रकरण मात्र सवयीचे नाही. त्यावर कायदा जाणणाऱ्यांनी लिहावे.

आणखी एक विचारते, रागावू नका. या एका ग्राहकाचा तुमच्या उलाढालीत वाटा किती आहे? तो निम्म्याहून अधिक असेल, तर भागीदार घेण्याआधी दुसरा ग्राहक शोधणे अधिक निकडीचे आहे. आयमा आणि निमा या उद्योजकांच्या संघटनांच्या बैठकांना जात जा. तिथेही पहिल्या रांगेत बहुधा पुरुषच दिसतील, तरी कोणत्या कारखान्यात नवे व्हेंडर घेत आहेत हे चहाच्या वेळी तिथेच कळते.

निवृत्त खरेदीदार

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत असे, म्हणून तिकडची बाजू मांडतो. ती मला योग्य वाटते असे नव्हे.

एकट्या मालकाचा व्हेंडर असला की खरेदी विभागाला एक भीती असते: हा माणूस उद्या आजारी पडला तर माझी लाइन बंद पडेल का? पुरुष मालकाच्या बाबतीत ही भीती मनातच राहते. मधुमेह आणि रक्तदाब घेऊन वावरणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या व्हेंडरला आम्ही कधी ‘तुमच्यामागे कोण’ असे विचारले नाही, आणि पंचविशी-तिशीतल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र ‘लग्न झाल्यावर काय’ ही चर्चा तिच्या पाठीमागे हमखास होत असे. हा अन्याय आहे हे मान्य. तरीही त्या भीतीला उत्तर देता येते, आणि ते उत्तर भाऊ नव्हे. दुसऱ्या फळीचा माणूस कोण, प्रोग्रॅमची प्रत कुठे ठेवलेली असते, ब्रेकडाऊन झाल्यास रात्री कोणाला फोन करायचा आणि पर्यायी यंत्र कोणाच्या शेडमध्ये उपलब्ध आहे, हे एका पानावर लिहून व्हेंडर फाइलला जोडावे. धंदा न जाणणाऱ्या भावापेक्षा असे पान कोणत्याही शहाण्या खरेदी व्यवस्थापकाला अधिक धीर देईल.

रिजेक्शनबाबत क्वालिटी विभागाकडे थेट लेखी मागणी करा: तपासणी अहवाल, मोजलेल्या नगांची संख्या आणि नाकारलेले नग परत. खोट्या रिजेक्शनला अहवाल जोडणे फार अवघड असते. त्या रात्रीच्या संदेशांबद्दल कारखान्याच्या तक्रार समितीकडे जाण्याविषयी मात्र सावधगिरीचा सल्ला देईन. न्याय मिळेलही, परंतु पुढच्या वर्षी दरपत्रक मागवताना तुमचे नाव यादीतून गळू शकते आणि त्याचे कारण कागदावर कोणी कधीच लिहीत नाही.

ताळेबंद

मी सनदी लेखापाल आहे. येथे तीन वेगवेगळे व्यवहार एकाच पिशवीत भरलेले आहेत. ते आधी सुटे करावे लागतील.

पहिला, तारणाचा. जमीन तारण ठेवू म्हणजे कर्ज झटपट मिळेल, अशी घरच्यांची समजूत दिसते. प्रत्यक्षात धंद्याच्या कर्जासाठी शेतजमिनीचे तारण घ्यायला बँका सहसा नाखूश असतात, कारण 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकांना तारण जप्त करून विकण्याचा जो अधिकार दिला आहे तो शेतजमिनीला लागू होत नाही. तुमच्या बाबतीत नवे यंत्र हेच मुख्य तारण असेल आणि उरलेल्या जोखमीसाठी सीजीटीएमएसईची हमी घेता येते. ही योजना सूक्ष्म आणि लघु उद्योगांना तारणाविना आणि त्रयस्थाच्या हमीविना कर्ज मिळावे यासाठीच आहे. त्यासाठी हमीशुल्क भरावे लागते, ते व्याजाच्या हिशेबात धरा. बँकेचा व्यवस्थापक विचारेल ते जीएसटी विवरणपत्रे, ऑर्डरींची स्थिती आणि तुमच्या हाताशी असलेली मार्जिन रक्कम, म्हणजे स्वतः घालायचा हिस्सा. तेव्हा ज्याच्या मोबदल्यात निम्मी मालकी मागितली जात आहे, त्याची तुम्हाला मुळात गरज आहे का, हे आधी दोन बँकांत जाऊन तपासावे.

दुसरा, भागीदारीचा. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार धंद्याच्या नेहमीच्या कामकाजात एका भागीदाराने केलेला व्यवहार पेढीवर बंधनकारक ठरतो आणि पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार असतो. म्हणजे धाकट्या भावाने पेढीच्या नावाने उधारीवर माल उचलला, तर वसुली तुमच्याकडूनही होऊ शकते. आणि तुमच्या यंत्राचे कर्ज बुडीत गेले, तर त्याच्या वाट्याची बागही धोक्यात येऊ शकते. भावाच्या हितासाठीसुद्धा हा मार्ग चांगला नाही, हे घरी जरूर सांगा. वडिलांना खरोखरच हातभार लावायचा असेल, तर त्यांनी कर्ज म्हणून रक्कम द्यावी, व्याज आणि परतफेडीचा करार करावा आणि पैसे बँकेतूनच द्यावेत.

याला जोडूनच एक मुद्दा, ज्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. केंद्र सरकारच्या उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी आणि त्यात 3 टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांकडून करावी, असे सार्वजनिक खरेदी धोरण आहे. भागीदारी पेढीत महिलांचा वाटा किमान 51 टक्के असला तरच ती महिलांची मानली जाते. निम्मा वाटा भावाला दिला की तुम्ही या व्याख्येबाहेर जाता. ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यासारख्या ठिकाणी उद्या सकाळी ऑर्डर मिळेल असे मी म्हणत नाही, तेथील गुणवत्तेच्या अटी कडक असतात. परंतु ही ओळख फुकट का घालवावी?

तिसरा, अडकलेल्या बिलाचा. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी असलेली सरकारची ‘उद्यम’ नोंदणी तुम्ही केली असेल असे गृहीत धरतो. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार काहीही असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे देणे ग्राहकावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. 1 एप्रिल 2024 पासून सुरू झालेल्या कर-निर्धारण वर्षापासून आयकरातही तरतूद आली आहे की अशी मुदतबाह्य रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत ग्राहकाला खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे पत्र खरेदी विभागाला न पाठवता लेखा विभागाला पाठवा, तेही मार्च उजाडण्यापूर्वी. लेखा विभागाला तुमच्या छायाचित्रात काडीचाही रस नसतो.

वकील, नाशिकरोड

वरील निवृत्त खरेदीदार महोदयांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत आहे, पण त्यांनी सांगितलेली किंमत खरी असते हे नाकारत नाही.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा 2013 चा कायदा केवळ पगारी कर्मचारी स्त्रीपुरता नाही. ‘पीडित महिला’ या व्याख्येत ती त्या ठिकाणी नोकरीला आहे की नाही याला महत्त्व नाही, त्यामुळे व्हेंडर म्हणून ये-जा करणारी स्त्रीही त्या कारखान्याच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करू शकते. मुदत घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, 3 महिन्यांची आहे. सबळ कारण असल्यास समिती ती आणखी 3 महिन्यांपर्यंत वाढवू शकते. चौकशी 90 दिवसांत पूर्ण करायची असते आणि दोन्ही पक्षांची नावे गुप्त ठेवणे समितीवर बंधनकारक आहे.

एक भेद मात्र स्पष्ट ठेवा. ऑडिटमध्ये तुमच्या डोक्यावरून बोलणे हा स्त्रीद्वेष्टा उद्धटपणा आहे, तो या कायद्यातला लैंगिक छळ ठरेलच असे नाही. त्याचा समाचार सातपूरकर ताईंनी सांगितल्याप्रमाणे घेणे अधिक परिणामकारक ठरेल. रात्रीचे संदेश, जेवणाचे निमंत्रण आणि नकारानंतर अडलेला माल ही साखळी मात्र वेगळी आहे. स्त्रीच्या कामात अडथळा आणणे, तिच्यासाठी वातावरण प्रतिकूल करणे, या बाबी कायद्याने विचारात घेतल्या आहेत. म्हणून ते संदेश पुसू नका, पडद्याची छायाचित्रे तारीख-वेळेसह जपून ठेवा आणि रिजेक्शनच्या कागदांबरोबर तारखांचा क्रम लावून पाहा. तक्रार करायची की नाही, हा निर्णय तुमचाच राहील, पण मुदत उलटून गेल्यामुळे तो दुसऱ्या कोणी घेतला असे होऊ देऊ नका.

जाता जाता: तुमच्याकडे बारा कामगार आहेत. दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक आस्थापनेने स्वतःची अंतर्गत समिती नेमायची असते, आणि न नेमल्यास 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालक स्त्री आहे म्हणून यातून सवलत नाही.

वावराच्या कागदाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण काकांनी ते वाक्य जितके सहज उच्चारले तितके ते सहज नाही. तो कागद म्हणजे बहुधा हक्कसोडपत्र. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हिस्सा आहे. महाराष्ट्राने 1994 मध्येच त्या दिशेने पाऊल टाकले होते, 2005 मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात देशभरासाठी दुरुस्ती झाली आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की हा हक्क वडील 2005 मध्ये हयात होते की नव्हते यावर अवलंबून नाही. जमीन वडिलांच्या स्वकष्टार्जित कमाईची असेल, तर मात्र त्यांच्या हयातीत तुमचा त्यावर हक्क पोहोचत नाही. सातबारा आणि जुने फेरफार काढून आधी हे पाहा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झाले की ते रद्द करून घेणे म्हणजे फसवणूक किंवा दबाव दिवाणी न्यायालयात सिद्ध करत बसणे. तुम्हाला हिस्सा नको असेल तर खुशाल सोडा, माझ्या अनेक अशील भगिनी माहेरची वाट मोकळी राहावी म्हणून सोडतात. परंतु यंत्राच्या कर्जाच्या आठवड्यात, घाईघाईने, ‘कटकट नको’ म्हणून सही करू नका.

बागाईतदार

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरी लिहितो, राग मानू नये. मीही निफाडकडचाच, बारा-पंधरा एकर बाग पाहतो. येथे सर्वांनी कागदाची बाजू चांगली मांडली आहे. बापाची बाजू कोणी मांडली नाही, ती मी मांडतो.

ऑक्टोबर छाटणी झाली की फुलोऱ्यात पाऊस येतो की काय या धास्तीने आम्ही रात्री झोपत नाही. पाऊस आला की डाऊनी, थंडीत भुरी असे बुरशीचे रोग, आणि माल तयार झाला की गारपिटीची भीती. एवढे सगळे निभावून फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघाला, तर व्यापारी पैसे बुडवून पसार होतो असे अनुभव आपल्या भागात गावोगाव आहेत. ज्या माणसाने आयुष्यभर हे पाहिले, त्याला लेकीने भाड्याच्या गाळ्यात, उधारीच्या ग्राहकांवर, लाखोंचे यंत्र घेणे म्हणजे काय वाटत असेल? तुझे वडील रागावलेले असतीलच, पण त्या रागात निम्मी भीती असावी. भावाला भागीदार करण्याची अट हीसुद्धा मला पूर्णपणे हावरेपणाची वाटत नाही. ‘पोरगी एकटी आहे, बुडाली तर कोणी तरी सोबत असावे’ असेही त्यामागे असू शकते. आमच्या पिढीला सोबत म्हटले की मुलगाच दिसतो, हा आमचा दोष.

तरीही जमिनीच्या सहीबाबत मी वकीलसाहेबांच्या बाजूने आहे. ती गोष्ट काकांच्या तोंडून आली आहे, वडिलांच्या नव्हे. ती वडिलांच्या मनात आहे की काकांच्या, हे आधी शोध. आमच्याकडे मध्यस्थाच्या पदरचे दोन शब्द निरोपात मिसळतातच.

काकांमार्फत उत्तर पाठवू नकोस. स्वतः जा, पण छाटणीच्या किंवा फवारणीच्या गर्दीत जाऊ नकोस, आणि घरात बसून बोलू नकोस, कारण घरात सगळे ऐकत असतात आणि बापाला माघार घेता येत नाही. बागेत जा. सोबत तू केलेला एखादा पितळी भाग ने आणि तो कशात बसतो ते सांग. पैशांचे बोलणे त्या दिवशी काढूच नकोस. वडील बोलतील याची हमी मी देत नाही, आम्ही हट्टी असतो.

सातपूरकर

बागाईतदार दादा, भीतीचे तुमचे म्हणणे पटले, परंतु एक गोष्ट राहून गेली. भीती मुलाच्या बाबतीतही वाटते, तरी मुलाने ट्रॅक्टर घेतला तर बाप सोबत म्हणून मुलीला निम्मा वाटा देत नाही. माया असेल, नाही असे नाही, पण मायेचाही हिशेब घरात मुलासाठी वेगळा आणि मुलीसाठी वेगळा मांडला जातो, आणि तो ताईंनी मुकाट्याने मान्य करावा असे मला वाटत नाही. त्यांनी बागेत जरूर जावे, मात्र वडिलांना गाळ्यावर येण्याचे आमंत्रणही त्याच भेटीत द्यावे. दर वेळी मुलीनेच का चालत जायचे?

बागाईतदार

हे मान्य करतो. आमंत्रण जरूर द्यावे.

मायक्रोमीटर

सर्वांचे मनापासून आभार. काही प्रश्नांची उत्तरे देते.

त्या ग्राहकाचा उलाढालीतला वाटा निम्म्याहून अधिक आहे, सातपूरकर ताईंचा अंदाज बरोबर निघाला. सिन्नर आणि दिंडोरीकडच्या दोन कारखान्यांना नमुने देण्याचे बोलणे सुरू केले आहे. दुसऱ्या फळीचे पान सुपरवायझरांना बरोबर घेऊन तयार करते आहे. त्यात रात्रीच्या फोनसाठी पहिला क्रमांक माझाच राहील.

भावाला भागीदार करणार नाही, हे ठरले. त्याला स्वतः फोन करून तसे सांगितले तेव्हा तो म्हणाला की मला तर कोणी विचारलेच नव्हते, काकांनी आणि वडिलांनी परस्पर ठरवले. त्याला बागेतच राहायचे असून बेदाण्याचे शेड टाकायचे आहे. आमचे इतके मोकळे बोलणे कित्येक दिवसांत झाले नव्हते. सातबाऱ्याचा उतारा तोच काढून देणार आहे. वडिलांकडे जायचे आहे, पण अजून धीर होत नाही, आणि त्याबद्दल इथे अधिक लिहिणार नाही.

तक्रारीचा निर्णय झालेला नाही. मुदतीचा दिवस मात्र दिनदर्शिकेवर मांडून ठेवला आहे आणि संदेश दोन ठिकाणी साठवले आहेत. आमच्या शेडमधल्या समितीसाठी बाहेरच्या सदस्याचा शोध सुरू आहे.

‘ताळेबंद’ यांना एक शंका विचारायची आहे. आज कागद लावताना लक्षात आले की आमच्या चलनावर माल मिळाल्याचा शिक्का ज्या तारखेचा आहे, त्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने डेबिट नोट निघाली आहे. मधल्या काळात रिजेक्शनबद्दल ना मेल आहे ना पत्र. याला काही अर्थ आहे का?

ताळेबंद

मोठा अर्थ आहे. माल पोहोचल्यापासून 15 दिवसांच्या आत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला गेला असे हा कायदा मानतो. तुम्ही म्हणता तसे असेल, तर 45 दिवसांची मोजणी शिक्क्याच्या तारखेपासून धरा आणि डेबिट नोट अमान्य असल्याचे लगेच लेखी कळवा. तोंडी किंवा फोनवर काहीही कबूल करू नका.

पत्रासोबत शिक्क्याचे चलन, बिल, तुमचा अंतिम तपासणी अहवाल आणि उद्यम प्रमाणपत्राची प्रत जोडा. निवृत्त खरेदीदार महोदयांनी सांगितलेली तपासणी अहवालाची मागणीही त्याच पत्रात घाला. पत्र लेखा विभागप्रमुखांच्या नावे स्पीड पोस्टाने आणि मेलने असे दोन्ही मार्गांनी पाठवा. रक्कम आली नाही तर पुढची पायरी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करण्याची आहे, तो ऑनलाइन करता येतो. एक गोष्ट आजच पाहून घ्या: उद्यम नोंदणीची तारीख या पुरवठ्याच्या आधीची आहे ना? ती नंतरची असेल तर आपल्याला दुसरा मार्ग पाहावा लागेल.